कंपाइल मशीन करतं, वाचायचं आपण

जेंटू वापरते (लिनक्सचा तो प्रकार, ज्यात प्रोग्राम मूळ कोडमधून, म्हणजे सोर्समधून, आपल्याच मशीनवर बांधायचे, म्हणजे कंपाइल करायचे असतात) असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे ते रात्र-रात्र कंपाइल होत बसतं, तेच ना?" विचारणारा आयटीतला असेल तर त्यात थोडी चेष्टाही असते. चेष्टेला कारण आहे. २००२-०३ च्या सुमारास जेंटू नवं होतं, तेव्हा पोरांना मशीन 'पळवायची' हौस फार. कंपायलरला ओ-थ्री सांग, अनरोल-लूप्स सांग, वेग वाढवायचे आणखी चार फ्लॅग (सूचना) जोड आणि मग माझा ब्राउझर तुझ्यापेक्षा लवकर उघडतो असं सगळ्यांना सांगत फिर. खरंच उघडायचा का, देव जाणे. घड्याळ लावून बसलेलं मी तरी कोणाला बघितलं नाही. पुढे ती हौस ओसरली, बरीच मंडळी नोकरीधंद्याला लागून उबुंटूवर गेली आणि जेंटूला हा एक विनोद कायमचा चिकटला.

वेगासाठी म्हणाल तर आज जेंटू वापरण्यात फारसा अर्थ नाही, हे आधीच सांगून टाकते. माझ्या मेक डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलीत ओ-टू आणि मार्च-नेटिव्ह हे साधे फ्लॅग, एवढंच आहे आणि वर्षानुवर्षं त्याला मी हात लावलेला नाही. कंपाइलला लागणाऱ्या वेळाचंही लोक उगाच कौतुक करतात. तो वेळ मशीनचा. आपण तेव्हा झोपलेले असतो, ऑफिसात असतो, भाजी निवडत असतो. आपला वेळ जातो तो कंपाइल सुरू होण्याआधी आणि संपल्यावर, आणि तो सगळा वाचण्यात जातो.

ज्यांचा जेंटूशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डेबियन, फेडोरा किंवा उबुंटूवर पॅकेज मागवलं की त्यांच्या सर्व्हरवर आधीच बांधून ठेवलेलं तयार पॅकेज येतं. जेंटूत येतो तो ईबिल्ड. बॅशमध्ये लिहिलेली छोटीशी फाइल: सोर्स कुठून उतरवायचा, त्यावर कोणते पॅच (छोट्या दुरुस्त्या) लावायचे, कोणते पर्याय चालू-बंद करता येतात (त्यांना म्हणतात यूज फ्लॅग) आणि हे सगळं बांधायचं कसं. अशा हजारो ईबिल्डांचा जो साठा त्याला म्हणायचं ट्री, आणि ती ट्री वाचून काम करणारा पॅकेज मॅनेजर म्हणजे पोर्टेज. त्याची मुख्य आज्ञा इमर्ज. हे सुरू केलं डॅनियल रॉबिन्सने. मध्यंतरी तो फ्रीबीएसडी वापरत होता, तिथली पोर्ट्सची पद्धत त्याला आवडली आणि तीच कल्पना घेऊन तो लिनक्सवर परतला. जेंटूची १.० आवृत्ती मार्च २००२ ची. २००४ मध्ये रॉबिन्स बाहेर पडला आणि तेव्हापासून हे सगळं स्वयंसेवकांच्या जिवावर चाललंय. गूगलचं क्रोमओएस बांधायला पोर्टेजच वापरतात, हे ऐकलं की मघाचा चेष्टेखोर जरा गप्प होतो.

मी सुरुवात केली तेव्हा आम्ही नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहायचो. ब्रॉडबँडवर रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट असायचं, म्हणून गजर लावून उठायचं, सोर्सची गाठोडी उतरवायला लावायची आणि परत झोपायचं. कंपाइल दिवसा, भारनियमनाच्या वेळा सांभाळून. जीसीसी हा कंपायलर स्वतःला तीनदा बांधतो. आधी मशीनवरच्या जुन्या कंपायलरने नवा, मग त्या नव्याने पुन्हा तोच, मग त्याने परत एकदा. आणि शेवटी दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतल्या ऑब्जेक्ट फाइली तंतोतंत जुळतात का ते ताडून बघतो. तिसऱ्या फेरीत वीज गेली की काय वाटतं ते शब्दांत सांगता येणार नाही. इमर्जला 'रिझ्यूम' सांगितलं तर ते उरलेली यादी पुढे चालू करतं, पण जे पॅकेज अर्ध्यात तुटलं ते पहिल्यापासून. असो. आता पुण्यात इन्व्हर्टर आहे आणि आठ कोर आहेत.

शनिवारी सकाळी सिंक, म्हणजे ट्रीची ताजी प्रत उतरवणं. सिंक दिवसातून एकदाच्या वर करू नये असं हँडबुकातच लिहिलंय. मिरर, म्हणजे ट्रीच्या प्रती ठेवणारे सर्व्हर, चालवणारे लोक फुकट सेवा देतात, सारखं ओरबाडलं तर तात्पुरती बंदीसुद्धा घालतात. मग ती प्रसिद्ध ओळ: इमर्ज, एव्हीयूडीएन, अ‍ॅट-वर्ल्ड. म्हणजे आधी मला विचार, तपशील दाखव, नवं आलं असेल ते घे, खोलात जाऊन ज्यांच्यावर बाकीचे अवलंबून आहेत त्यांचंही घे, आणि यूज फ्लॅग बदलले असतील तर तेवढ्यासाठीही पुन्हा बांध. वर्ल्ड म्हणजे मशीनवरची सगळी पॅकेजेस असा नव्यांचा समज होतो. ती एक साधी मजकूर फाइल आहे आणि आपण नाव घेऊन मागितलेली पॅकेजेस तेवढी तिच्यात असतात. माझ्या वर्ल्डमध्ये शंभरेक नावं आहेत. त्यांच्यापायी आलेला गोतावळा हजाराच्या घरात.

मग यादी येते आणि इथे घाई करायची नसते. प्रत्येक ओळीला एक अक्षर असतं. यू म्हणजे नवी आवृत्ती, आर म्हणजे तीच आवृत्ती पुन्हा, एन म्हणजे नवं पॅकेज. यूच्या ओळी मी भराभर सोडून देते. नजर अडकली पाहिजे ती एनवर. मी काही नवीन मागितलेलं नाही, मग हा पाहुणा आला कोणाबरोबर? मागे एकदा नोट्स लिहायच्या एका साध्या प्रोग्रामच्या मागून क्यूटी वेबइंजिन यादीत आलं. क्यूटी वेबइंजिन म्हणजे जवळपास अख्खं क्रोमियम. बांधायला तास-तास, मेमरी खाणार ती वेगळीच. इमर्जला झाडासारखी यादी दाखवायला सांगितली की कोणाखाली कोण हे कळतं. त्या प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीत वेबपान आतल्या आत दाखवायची सोय आली होती आणि तिचा फ्लॅग मुळातच चालू ठेवलेला होता. पॅकेज डॉट यूजमध्ये एक ओळ लिहून तो बंद केला, पुन्हा यादी काढली, पाहुणा गायब. नोट्स पूर्वीसारख्या लिहिता येतात. मला जेंटूत जे काही आवडतं ते या पाच मिनिटांत सगळं आलं.

यादी मान्य केली की 'यस' म्हणायचं आणि उठायचं. मात्र जाण्याआधी मेमरीचा हिशोब केलेला बरा. दर समांतर कामामागे साधारण दोन जीबी रॅम धरावी असा दंडक आहे. सोळा थ्रेड आहेत म्हणून सोळा कामं लावली आणि रॅम सोळाच जीबी असली, तर एखाद्या थोराड सी प्लस प्लस पॅकेजच्या ऐन मध्यात कर्नल कंपायलरलाच मारून टाकतो. एरर येते 'किल्ड सिग्नल'ची, आणि नवखा माणूस कोडमध्ये चूक शोधत बसतो. अशा चार-पाच दांडग्या पॅकेजांसाठी वेगळी, कमी कामांची सेटिंग लिहून ठेवता येते. माझ्याकडे ती आहे.

सगळं बांधून झालं की खाली एक पिवळी ओळ येते: ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरमधल्या अमुक इतक्या फाइली अद्ययावत करायच्या आहेत. पोर्टेज आपल्या सेटिंगच्या फाइलींवर परस्पर नवं लिहीत नाही. नवी फाइल शेजारी वेगळ्या नावाने ठेवतं आणि निवाडा आपल्यावर सोपवतं. डिस्पॅच-कॉन्फ चालवलं की जुनं-नवं शेजारी दिसतं आणि एकेक कळ दाबायची: यू म्हणजे नवं घे, झेड म्हणजे नवं टाकून दे, एम म्हणजे दोन्ही मिसळ. दहातल्या नऊ फाइलींत टिपणीतला स्वल्पविराम बदललेला असतो. दहावी असते एसएसएचची, म्हणजे दुरून मशीनवर लॉगिन करायच्या सोयीची. पासवर्डने लॉगिन बंद, फक्त चावीने आत, अशी आपण लिहिलेली ओळ तिच्यात असते आणि नव्या फाइलीत ती नसते. नऊ वेळा यू दाबून बोट सरावलेलं असतं. मी म्हणूनच शेवटच्या फाइलीआधी चहा करून आणते. अंधश्रद्धा म्हणा हवं तर.

वाचायची तिसरी गोष्ट म्हणजे न्यूज आयटम. सिंकनंतर कधीमधी सूचना येते की न वाचलेल्या बातम्या आहेत. वर्षाकाठी मोजक्याच येतात, पण येतात त्या महत्त्वाच्या. पायथनचंच घ्या. जेंटूत पायथनची ठरावीक आवृत्ती 'मुख्य' धरतात आणि साधारण दरवर्षी ती एकेक पायरी वर जाते. २०२४ मध्ये ती ३.१२ झाली. पायथनची सगळी पॅकेजेस पुन्हा बांधायची आणि खुद्द पोर्टेजही पायथनमध्येच लिहिलेलं, म्हणजे ज्या फांदीवर बसलोय तीच बदलायची. बातमीत दोन वाटा दिलेल्या असतात. काही न करता बसलात तर आपोआप बदल होईल, अधूनमधून काहीतरी बिघडेल. सावध राहायचं असेल तर आधी दोन्ही आवृत्त्या चालू करा, सगळं दोन्हींसाठी बांधा, मग नवी मुख्य करा, शेवटी जुनी काढा. मी सावध वाट धरते. ज्या मशीनवर काम अडतं, तिथे अधूनमधून बिघडलेलंही परवडत नाही.

हे वेळच्या वेळी झालं नाही तर काय होतं, ते २०२४ च्या दिवाळीत सांगलीला बघायला मिळालं. माझा एक कॉलेजमित्र २०२१ च्या अखेरीस नोकरीसाठी नेदरलँड्सला गेला होता. त्याचा डेस्कटॉप आईवडिलांच्या घरी कव्हर घालून तसाच राहिला. तो परतला, मशीन लावलं, तर व्यवस्थित सुरू झालं. जुना वॉलपेपर, जुना टर्मिनल, सगळं जागच्या जागी.

"अगं, तीन वर्षं मी नुसती धूळ पुसतेय त्याची," काकू म्हणाल्या. "चालू झालं ना? मग झालं की!"

त्यांचं म्हणणं एका अर्थी बरोबर होतं. पण याला अपडेट करायचं होतं. "एक ओळीचं तर काम आहे," म्हणत त्याने सिंक लावलं, तर सिंकच होईना. ट्रीवर जेंटूवाल्यांची डिजिटल सही असते, ती पडताळायच्या चाव्यांना मुदत असते, आणि त्याच्याकडच्या चाव्या मुदतबाह्य. त्या ताज्या केल्या. मग ती प्रसिद्ध ओळ मारली आणि स्क्रीनभर लाल अक्षरं. मशीनवर मुख्य पायथन ३.९, आणि ट्रीमधल्या पॅकेजांनी ३.९ ला केव्हाच रामराम ठोकलेला. ओपनएसएसएल ही कूटीकरणाची लायब्ररी १.१ वरून ३ वर गेलेली. जुन्याचा आधार मूळ प्रकल्पानेच सप्टेंबर २०२३ मध्ये थांबवला. पासवर्डचं कूटीकरण करणारी लिबक्रिप्ट ही लायब्ररी पूर्वी जीलिबसी या सिस्टिमच्या पायाभूत लायब्ररीच्या पोटात असायची, ती लिबएक्सक्रिप्ट नावाच्या वेगळ्या पॅकेजात हलवलेली. त्याच्या मशीनवर तो बदल झालेलाच नव्हता. तो मध्येच फसला तर लॉगिनही होत नाही आणि पायथनही उठत नाही, म्हणजे पोर्टेजही नाही. शिवाय मार्च २०२४ मध्ये प्रोफाइलच (सिस्टिमच्या मूळ सेटिंगांचा संच) बदललेलं, १७ चं जाऊन २३.० आलेलं, त्याच्यासाठी आधी बिनयुटिल्स, मग जीसीसी, मग जीलिबसी असा क्रम पाळून शेवटी मशीनवरचं एकूण एक पॅकेज पुन्हा बांधा अशी सूचना.

यातला कुठलाही बदल एकट्याने आला असता तर अवघड नव्हता. प्रत्येक बदलाला जुनं आणि नवं दोन्ही ट्रीमध्ये नांदतात असा काही महिन्यांचा काळ असतो आणि मशीन तेव्हा जागं असलं की तो बदल एखाद्या शनिवारी चहाच्या कपाबरोबर उरकतो. कोकणात पावसाआधी घर शाकारतात तसं आहे हे. दर मे महिन्यात कौलं उतरवून, फुटकी बदलून परत चढवली तर दोन दिवसांचं काम; चार वर्षं राहिलं तर कौलांनी भागत नाही, खालच्या रिपा आणि वासे कुजलेले निघतात. त्या डेस्कटॉपच्या बाबतीत मधला काळ ट्रीमधून पुसला गेला होता. २०२१ मधून थेट २०२४ मध्ये जायला वाटच शिल्लक नव्हती.

शहाण्या माणसाने अशा वेळी वर्ल्ड फाइल आणि ईटीसी बाजूला काढून ठेवावं, नवा स्टेज-थ्री, म्हणजे जेंटूचा तयार पाया, उतरवावा, त्याच्यावर सगळं नव्याने उभं करावं. एक-दोन दिवसांत विषय संपतो. हे मी त्याला सांगितलं. पण त्याला सुट्टी होती आणि खाज होती, आणि खरं सांगायचं तर मलाही होती. जेंटूची ट्री ऑगस्ट २०१५ पासून गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साठ्यात आहे. म्हणजे कुठल्याही तारखेची ट्री बाहेर काढता येते. आम्ही २०२२ च्या सुरुवातीची काढली आणि मशीन तिच्यावर आणलं. मग त्या वर्षाच्या मध्यावरची. मग पुढची. अशा रीतीने मशीनला तीन वर्षं चालवत आणलं.

बाहेर फटाके, आत कंपाइल. गिटमधून काढलेल्या ट्रीबरोबर तयार कॅशे येत नाही, त्यामुळे नुसती यादी काढायलाच पोर्टेज घाम गाळायचं. जुन्या आवृत्त्यांचे सोर्स जेंटूच्या मिररवरून निघून गेलेले, ते मूळ प्रकल्पांच्या साइटवरून उतरत होते. काही ठिकाणी अडलं की त्या काळची न्यूज आयटम उघडायची. बातम्यांचा गिट साठा वेगळा असतो. लिबक्रिप्टची बातमी आम्ही दोघांनी मोठ्याने वाचली, ओळ न् ओळ, आणि बाजूच्या टर्मिनलमध्ये रूट लॉगिन उघडं ठेवूनच पुढे गेलो. काकूंनी मध्येच येऊन चिवड्याच्या वाट्या ठेवल्या आणि विचारलं, "अजून धूळच निघतेय का रे?"

मला त्या सगळ्यात मजा आली ती क्रमाची. एरवी हे बदल वर्षभरात पसरलेले असतात, एकामागून एक दिसत नाहीत. इथे दिसत होते. आधी ही लायब्ररी बाहेर काढली, म्हणून पुढे ते शक्य झालं, मग कंपायलरच्या सुरक्षेच्या सेटिंगा कडक झाल्या, मग प्रोफाइल बदललं. ही कारणं कोणीतरी साध्या इंग्रजीत, नाव-तारखेसह लिहून ठेवलेली. तयार पॅकेजांच्या सिस्टिमवरही हेच बदल होतात. तिथे ते नव्या आवृत्तीच्या पोटात एका दमात येतात आणि कोणी काय ठरवलं हे विचारायची वेळ आपल्यावर येत नाही. बहुतेकांना ती यायलाही नको, हे मान्य.

सोर्समधून बांधतो म्हणून आपण जास्त सुरक्षित, असा एक गोड समज आमच्या जमातीत आहे. त्याची मार्च २०२४ मध्ये चांगलीच कसोटी लागली. २९ मार्चला, गुड फ्रायडेला, आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस्क्यूएलवर काम करणाऱ्या अभियंत्याने जाहीर केलं की एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा आहे. त्याला संशय आला तो एसएसएचने लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय म्हणून. अर्धा सेकंद! आपण एवढ्यासाठी भुवईसुद्धा वर केली नसती. 'जिया टॅन' या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी एक्सझेडचा मूळ सांभाळकर्ता लासे कॉलिन याचा विश्वास दोनेक वर्षं खपून कमावला होता आणि आवृत्त्या काढायचे अधिकार मिळवले होते.

आमच्यासारख्यांना झोंबणारा भाग पुढे आहे. विषारी तुकडा चाचणीच्या बायनरी फाइलींत लपवला होता आणि त्याला जागं करणारी स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हतीच. ती फक्त प्रकाशित केलेल्या सोर्सच्या गाठोड्यात होती. बांधण्याच्या वेळीच ती आपलं काम करायची. म्हणजे गिटमधला कोड डोळ्यांत तेल घालून वाचणाऱ्यालाही ती दिसली नसती, आणि सोर्स उतरवून स्वतः बांधणारा तर थेट तिच्या दारात. जेंटू वाचलं ते दोन वेगळ्याच कारणांनी. ती स्क्रिप्ट आधी तपासायची की बांधणी डेबियन किंवा आरपीएम पॅकेजची चालली आहे का. नसेल तर गप्प बसायची. आणि दुसरं, काही डिस्ट्रिब्यूशन्स एसएसएच सर्व्हरला सिस्टिमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामशी जोडणारा पॅच लावतात, त्यातून एक्सझेडची लायब्ररी एसएसएचमध्ये शिरते. जेंटूत तो पॅच लावलेला नव्हता. हल्लेखोराचा हिशोब आणि थोडं नशीब, एवढंच. आमच्या शहाणपणाचा त्यात काही वाटा नाही.

त्या संध्याकाळी सिंक केल्यावर यादीत एक्सझेडच्या ओळीवर यू आणि डी अशी दोन अक्षरं होती. डी म्हणजे डाउनग्रेड. ट्रीमध्ये बाधित आवृत्त्यांना मास्क लावला होता, म्हणजे त्या घ्यायला मनाई केली होती, आणि पोर्टेज मला मागे नेत होतं. एसएसएच सर्व्हर कशाकशाशी जोडलेला आहे ते एलडीडी या आज्ञेने बघायला क्षणभरही लागला नाही, आणि मशीनवर काय आहे, कोणी आणलंय आणि का, हे माहीत असल्यामुळे जीव थोडा थाऱ्यावर होता. हजार पॅकेजांचा सोर्स मी वाचलेला नाही, वाचणारही नाही.

त्याच वर्षी मेमध्ये जीसीसी १४ आला आणि वेगळीच गंमत झाली. सी या भाषेत पूर्वी एखादं फंक्शन आधी जाहीर न करता सरळ वापरलं तर कंपायलर समजून घ्यायचा. १९९९ च्या मानकाने ही सवलत काढली, पण कंपायलर नुसता कुरकुरत होता, अडवत नव्हता. चौदाव्या आवृत्तीने त्या कुरकुरीची एरर केली. पंचवीस वर्षांची मुदत संपली! नव्वदीच्या दशकात लिहिलेला आणि तेव्हापासून कोणी हात न लावलेला कोड जगभर धडाधड पडायला लागला. जेंटूच्या लोकांनी हे आधीपासून हेरून शेकडो पॅकेजांसाठी पॅच तयार करून मूळ प्रकल्पांना पाठवायचा सपाटा लावला होता. त्याचा फायदा जेंटू न वापरणाऱ्यांनाही झाला, पण सांगतो कोण.

माझ्याकडे खाजगी ओव्हरलेमध्ये (स्वतःच्या ईबिल्डांच्या साठ्यात) एक छोटं साधन आहे. युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटांत टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये आणणारं. एका ज्येष्ठ स्नेह्यांनी सीमध्ये लिहिलेलं. ते आता नाहीत. दिवाळी अंकांच्या जुन्या फाइली उघडायला मला ते अजून लागतं. जीसीसी १४ वर ते अडलं: स्ट्रिंगची फंक्शनं वापरली होती, वर ती जाहीर करणारी स्ट्रिंग डॉट एच ही फाइल घेतलेली नव्हती. बाकी कोड असा नीटनेटका की कुठल्या फाँटात रफार कुठे बसतो आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी कशी टाइप व्हायची, याच्या टिपा मराठीत लिहिलेल्या. एका ओळीचा पॅच केला, ईबिल्डमध्ये आवृत्तीपुढे आर-वन (पहिली सुधारणा) लावलं, झालं. जीसीसी १५ ने पुन्हा सी-२३ हे मानक गृहीत धरलंय, त्यात 'बूल' हा राखीव शब्द झाला. त्यांच्या कोडमध्ये बूल नावाचा स्वतःचा टाइप आहे. म्हणजे आता आर-टू.

इतकं सगळं सांगितल्यावर हेही सांगायला हवं की मी आता सगळं कंपाइल करत नाही. २९ डिसेंबर २०२३ ला जेंटूने स्वतःहून तयार बायनरी पॅकेजेस द्यायला सुरुवात केली. काही जुन्या खोडांना हा धर्मभ्रष्टपणा वाटला. मला वाटत नाही. मेक डॉट कॉन्फमध्ये गेटबिनपॅकेज चालू केलं की पोर्टेज बघतं: सर्व्हरवरच्या तयार पॅकेजचे यूज फ्लॅग माझ्या फ्लॅगांशी जुळतात का? जुळले तर उतरवून घेतं, नाही जुळले तर मुकाट्याने बांधायला बसतं. लिबरऑफिस मी तयार घेते, वेबकिट जमेल तेव्हा तयार घेते. एप्रिल-मेमध्ये पुण्यात दुपारी तीन वाजता रस्ट कंपाइल करून खोली तापवण्यात काही पुरुषार्थ नाही. यादी वाचायचं काम मात्र एका अक्षराने कमी झालेलं नाही. सांगलीच्या मशीनलाही हेच लावून दिलंय. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे पंख्याचा आवाज आता कमी येतो.

माझं एक काम राहिलंय. फायली ठेवायचा घरचा छोटा सर्व्हर अजून जुन्या मांडणीचा आहे. त्यातले बिन, एसबिन आणि लिब हे फोल्डर यूएसआर या फोल्डरच्या आत हलवायचेत. मर्ज-यूएसआर नावाची स्क्रिप्ट ते करते आणि तिला आधी नुसतं 'करून दाखव' असंही सांगता येतं. ते दाखवून झालंय, काही अडत नाहीये. पण एकदा हलवलं की परत फिरता येत नाही, तेव्हा बॅकअप घेऊन आणि गुरुवार सोडून. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं पाणी बघून मला बरेच दिवस झालेत.